रंग बदलताना

रात्रपाळीत, सव्वादोनच्या सुमाराला,
सात नंबरचं मशीन थांबतं.
वरच्या नरसाळ्यातले निळे दाणे संपलेले असतात
आणि ल्याओ खांद्यावरून गुलाबी पोतं उतरवतो.
साचा तोच राहतो:
चार चाकं, एक फावडं, पुढे डोळ्यांसाठी दोन खळगे.
साच्याला कुणी काही विचारत नाही.

ऑर्डरचा कागद काचेखाली दाबलेला आहे,
समुद्रापलीकडच्या गिऱ्हाइकाचा.
त्यावरची अक्षरं मला येत नाहीत, चित्रं येतात.
निळ्या गाडीला दात, वरचे सहा, भुवया आत वळलेल्या.
गुलाबीला पापण्या, दर डोळ्याला तीन.
निळ्या खोक्यावरचा मुलगा चिखलात उभा आहे.
गुलाबी खोक्यावरची मुलगी नुसती उभी आहे.
चिखल नाही. पांढरे मोजे आहेत,
आणि तिच्या फावड्यात फुलं भरलीत, पाच.
ती दुसऱ्या कारखान्यातून येतात.

चार वर्षं झाली, मी पापण्या चिकटवते.
एका पाळीत अकराशे गाड्या, म्हणजे बावीसशे डोळे.
चिमट्यानं उचलायचं, फुंकर मारायची, अंगठ्यानं दाबायचं.
वाकडी लागली तर गाडी रडवेली दिसते
आणि छ्यूबाई परत पाठवतात.
पहिल्या वर्षी डोळ्याला डोळा लागला नाही,
मिटले की पापण्याच पापण्या.
दात सोपे. दात एका तुकड्यात येतात.
मजुरी दोन्हींना एकच.
खोक्यावरची किंमत मात्र...
जाऊ दे, ती माझ्या टेबलावर छापत नाहीत.

एकदा छ्यूबाईंना विचारलं,
पापण्या लावायच्या आधी ही गाडी कोण असते?
त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या,
"उशीर झालेली ऑर्डर."

पण सव्वादोनला
निळा पोटात असतानाच मशीन गुलाबी गिळतं
आणि पहिल्या तीसचाळीस गाड्या
कुठल्याच कागदात बसत नाहीत.
एकीच्या टपावर जांभूळ सांडल्यासारखं,
एक वादळाआधीच्या आभाळाची,
एकीवर थेट छडीचा वळ.
ल्याओ त्यांना बेरंग म्हणतो,
पायानं क्रेटमध्ये सारतो.
पहाटे त्यांचं दळण होतं
आणि त्या काळ्या होऊन परत येतात, चाकं म्हणून.
चाकं दोन्ही गाड्यांना काळीच लागतात.

नववर्षाच्या सुट्टीआधी मी एक उचलली,
डब्यात, भाताखाली. चोरी म्हणा.
छंगहायहून एकोणीस तास बस, मग डोंगर.
लेकरानं आधी ओळखलंच नाही,
दाराआडून बघत राहिलं.
मी गाडी उंबऱ्यावर ठेवली
आणि वाट पाहिली, रंगाबद्दल काही बोलेल म्हणून.
त्यानं ती उलटी केली,
चाक फिरवून कानाशी धरलं,
भिंतीच्या फटीतली एक गोगलगाय फावड्यात ठेवली
आणि म्हणालं, "ही झोपलीय. हळू."
मग दोघांनी मिळून दुपारभर
मुळ्यांचा अख्खा वाफा उकरून टाकला.
सासूबाई म्हणाल्या, "हे कसलं खेळणं, धड हेही नाही, धड तेही नाही."
तिन्हीसांजेला ते गाडीला चिंधीत गुंडाळून
मांडीवर थोपटत बसलं होतं,
नखांत माती तशीच.

"हिला डोळे का नाहीत?"

माझ्या कोटाच्या खिशात दोन्ही कागद निघाले,
पापण्यांचा एक, दातांचा एक.
मी काही सांगितलं नाही.
दात त्यानं किटलीला लावले.
आजीनं हाक मारली तरी हलेना,
किटलीशीच गुरगुरत बसलं.
पापण्या हातात घेऊन मात्र बराच वेळ विचार केला,
मग माझा हात ओढला,
अंगठा सरळ केला
आणि नखाच्या वर एकेक करून दाबल्या,
फुंकर मारून, माझ्यासारखी.
ही फुंकर याला कुणी शिकवली?

परतीच्या बसमध्ये खिडकी धुरकट होती.
कुठल्याशा बोगद्यात दिवे लागले, तेव्हा पाहिलं,
एक गळून गेली होती,
दोन होत्या अजून.